साखळी आणि कात्री

(धारवाड, सुभाष रोडवरचं औषधांचं दुकान. काउंटरच्या आत दुकानदार सुधींद्र. बाहेर निवृत्त मास्तर भीमसेन आणि त्यांची नात वेदश्री.)

भीमसेन : …तर वेदू, डोळ्यांपुढं आण. मोठी पंगत बसलीय. लाडवांचं ताट या हातातून त्या हातात चाललंय. ज्याच्याकडं येईल त्यानं मोठ्यानं सांगायचं, ताट माझ्याकडं आलं, लाडू इतके आहेत. बाकीच्यांनी ते पाठ करायचं.

वेदश्री : आणि कुणी मधेच एक खाल्ला तर?

भीमसेन : तर खोटं बोलायची सोय नाही. एकाचं तोंड बंद करशील, अख्ख्या पंगतीचं कसं करणार? हीच ब्लॉकचेन. सुधींद्रनं दारावर एवढा बोर्ड लावलाय ना, तीच.

सुधींद्र : चेष्टा करा, सर. पण कारखान्यातून निघालेली गोळ्यांची पट्टी रायापूरच्या गोदामात कधी आली, माझ्याकडं कधी आली, सगळं यात आहे. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा तपासली जाते. नकली माल आत येणारच नाही की.

भीमसेन : छान. फक्त पट्टी तुझ्या हातात आली, की तू कात्री काढतोस.

सुधींद्र : तुम्हीच म्हणालात, सहाच दे, घरात आहेत म्हणून.

भीमसेन : म्हणालो. उरलेल्या चार?

सुधींद्र : आता ती कलघटगीची लक्कव्वा येऊन गेली ना, तिला दिल्या. तिची चिठ्ठी जुनी, कागदाची. मशीन घेत नाही.

भीमसेन : मग मशीनला काय सांगितलंस?

सुधींद्र : मशीनला तुकडा कळत नाही, सर. अख्खी पट्टी तुमच्या नावावर चढवली.

भीमसेन : म्हणजे म्हातारीचे लाडू मीच खाल्ले, हे पंगतभर पाठ झालं. आणि आता ते कुणाला खोडताही यायचं नाही. काय पक्कं काम आहे.

वेदश्री : आजोबा, तुमचा फोन वाजला.

भीमसेन : वाच बघू.

वेदश्री : 'तुमच्या नावावरच्या रक्तदाबाच्या गोळ्या परत मागवल्या आहेत. औषधाचं प्रमाण चुकून दुप्पट झालं आहे. घेऊ नका.'

सुधींद्र : बघा, सर. क्षणात कळलं की नाही? मी हेच म्हणत होतो.

भीमसेन : मला कळलं. लक्कव्वाला?

सुधींद्र : ती यात नाहीच, सर. फोनही नाही तिच्याकडं.

भीमसेन : वा. ज्याच्याजवळ त्या चार गोळ्या नाहीत त्याला त्यांचाही इशारा, आणि जिच्याजवळ आहेत तिचा पत्ता नाही. बोर्ड आणखी थोडा मोठा कर.

सुधींद्र : घरी जाऊन रात्री घेईल ती. तोवर कलघटगीला कुणाला तरी फोन लावतो.

वेदश्री : नाही काका. टेम्पोत बसले की घेते, म्हणाली. माझ्याकडून बाटलीत पाणी भरून घेतलं.

भीमसेन : कधी?

वेदश्री : तुम्ही पंगत मांडायला लागलात, तेव्हा.

सुधींद्र : थांबा, कंपनीला विचारतो, अशा वेळी नोंद कशी करायची ते.

भीमसेन : विचार, सावकाश विचार. वेदू, टेम्पो कुठं उभा असतो गं? वेदू?

सुधींद्र : इथंच होती की.

भीमसेन : माझ्या डोळ्यांना लांबचं दिसत नाही. कोपऱ्यावर बघ. टेम्पो सुटला?

सुधींद्र : नाही, उभा आहे. वेदू आत चढलीय… उतरली. गोळ्यांची पुडी तिच्या हातात आहे, अजून न उघडलेली.

भीमसेन : पळत येतेय?

सुधींद्र : नाही, सर. लक्कव्वाचा हात धरलाय. तिच्याच चालीनं येतेय.