कुंभारणीची घरं

दिवाळी तोंडावर आली होती. चाकणला पिंपरीच्या एसटीसाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं दोन बायका होत्या, एक उतारवयाची, एक तरणी.

"शालन, परसातला पावटा कसा हाय तुझा?"

"काय सांगू अंबुआक्का, अळीनं शेंगा पोखरल्या. राख मारली, पर काय उपेग न्हाई. तुमचा?"

"माझ्याकडं कुंभारीण येती."

"कोण कुंभारीण?"

"ती बारीक कमरेची माशी गं, भिंतीला मातीची घरं करती ती. परवा सारवताना माझ्या हातनं एक घर फुटलं. आत काय असंल? पावट्यावरच्या अळ्या! हिरव्यागार, एकीला एक चिकटून भरलेल्या. जित्या, पर हालत न्हाईत."

"अगं बाई!"

"आन् त्यांच्यात तिचं पिल्लू, तांदळाएवढं. एकेक अळी खाऊन मोठं व्हायचं. आई शिदोरी भरून, दार लिंपून उडून गेलेली. मी पोतेरं हातात धरून बसूनच राह्यले. तेवढी भिंत सोडली. सासू म्हणली, तुझा थोरला नव्या कारखान्यातनं सुट्टीला येणार, आन् अशी भिंत? म्हणलं, आत लेकरं हायती."

"व्हय?"

"व्हय तर."

"आक्का, आमच्या पडवीत चार-पाच घरं हुती. आज सकाळीच वरनं माती थापली मी. चांगली जाड. भिंत नीट दिसावी म्हणून."

"आली बघ गाडी. चल, चढ."

"तुमी जावा आक्का. माती अजून वली असंल."