हॉटेलातलं लगीन

माजं म्हायेर उरनकडं, बापाचं मीठागर व्हतं आनि आई धवलारीन. धवलारीन म्हंजे सांगते बाय तुमाला, आमच्या आगरी लोकात लगीन बाईच लावते. भटजी येतो, त्याचं तो बोलतो, पन हळदीपासून वरातीपर्यंत गानी म्हनून लगीन पार पाडते ती धवलारीन, आनि त्या गान्यांना धवले बोलतात. मी आईचा पदर धरून मांडवामांडवात हिंडली आनि कोनी शिकवल्याबिगर शिकली. मला लहानपनापासून एक खोड, दिसंल त्याचं इचारायचं, हे असंच का, ते तसंच का, आई बोलायची, बाय तुला सासरी ठेवतील का परत पाठवतील कोन जाने. मंग लगीन होऊन गव्हानला आली, नि इथं बी तेच, गानी आनि चौकश्या. किती लग्नं लावली त्याचा हिशोब नाय, पन एकच राहिलं, माज्या पोराचं.

त्याचं असं झालं. संतोषनं पोरगी बघितली घाटावरची, सुजाता, दवाखान्यात नर्स हाय, सोन्यासारखी पोर, पन आमचे मालक तापट. जातीबाहेरची आनली म्हनून पेटले. बोलले, माज्या दारात मांडव पडनार नाय, आनि तू त्यांच्यासाठी धवल्याला तोंड उघडायचं नाय. मी गप राहिली. गप राहिली ते चुकलं माजं, आता बोलून काय. दोगांनी कोर्टात सह्या केल्या, मी गेली नाय, मंग त्यांनी खांदा कॉलनीत खोली घेतली. दुसऱ्यांच्या पोरींना हळद लावनारी मी, आनि माज्या सुनेच्या अंगाला हळद लागली नाय. सुजातानं त्यावरून कदी तोंड वाकडं केलं नाय. एकदाच, कोनाच्या तरी हळदीत रातभर गाऊन मी तिच्याकडं गेली, तर पानी देताना बोलली, आई, आवाज बसलाय तुमचा. तेवढंच बोलली, पन मला ते काट्यासारखं बसलं. मालक गेले, चार वर्सं झाली, तरी ते राहून गेलं ते गेलंच. नऊ वर्सांची पोरगी असलेल्या नवराबायकोचं लगीन कोन लावतो, आनि कुटं लावायचं?

तर काय सांगू तुमाला, मागच्या महिन्यात नात बोलली, आजी, तुला लग्नाच्या हॉटेलात नेते. नातीचं नाव रिया. मी बोलली, लग्नाचं हॉटेल म्हंजे हॉल का? तर नाय. पनवेलच्या पुढं हायवेला हाय, तिथं रोज संध्याकाळी लगीन असतं, खोटं, आनि आपन जेवायला गेलो म्हंजे लग्नाला गेलो. मला काय ते खरं वाटंना. रोज नवरी कुटून आनतात, अक्षतांचे तांदूळ कोन झाडतो, आहेर घेतात का, गाडीत बसल्यापासून माजं सुरू, संतोष बोलला, आई, तिथं जाऊन त्यांनाच इचार.

मंग इचारलं की. दारात फेटेवाला उभा, बोलतो, आजी, मुलाकडचे का मुलीकडचे? मी बोलली, आधी नवरी दाखव, मंग ठरवते. केळीचे खांब नखानं खरवडून बगितले, एक खरा निघाला, एक प्लास्टिकचा. बँडवाले मात्र खरे. त्यातल्या सनईवाल्याला इचारलं, रोज रोज लगीन वाजवून कंटाळा नाय येत? तो बोलला, आजी, खऱ्या लग्नात आमाला सगळ्यांच्या शेवटी जेवान, इथं वेळेवर मिळतं. आनि बाय, तिथं रुसलेली विहीन बी पगारावर ठेवलीय. नऊवारी नेसून टेबलाटेबलावर जाते, मला कोनी मान दिला नाय बोलते, लोक हसतात. आमच्याजवळ आली, मी तिला खाली बसवली, बोलली, बाय, रुसताना एवढी बडबड करायची नसते, तोंड तिकडं फिरवायचं नि कान इकडं ठेवायचा. ती हसायला लागली, बोलली, आजी, मी नाटकात काम करते. ते मला दिसतंय, मी बोलली, म्हनून तर सांगते.

एवढ्यात माईकवाल्यानं इचारलं, आज मांडवात कोन उभं राहनार, कुटलं जोडपं हाय का? आमची रिया खुर्चीवर चढली नि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं बोलली, माज्या मम्मी-पप्पांच्या लग्नाला मांडव नव्हता. संतोष लाजून नको नको करतो, पन लोकांनी टाळ्या पिटून दोगांना उठवलं, मुंडावळ्या बांधल्या, मधी अंतरपाट धरला. माईकवाला मोबाईलवर मंगलाष्टका लावायला गेला. आनि सुजाता नवऱ्याकडं बगत नव्हती, ती माज्याकडं बगत व्हती.

काय करायचं? धवला असा कुटंबी म्हनत नाय. एकदा कार्यक्रमवाले आले व्हते, स्टेजवर गा बोलले, मी नाय सांगितलं. धवल्यात आधी देवांना आवतन असतं, मंग घरातल्या गेलेल्या मान्सांना, एकेकाला नावानं. बोलावलं म्हंजे ते आले, मंग मजा व्हती बोलून त्यांना कसं परत धाडनार? माईकवाल्याला इचारलं, हे खोटं लगीन ना रे? तो बोलला, हो आजी, नुसती गंमत. मी बोलली, मंग जरा थांब, मी हे खरं लावते, मोबाईल बंद कर, आनि आत जाऊन हळद आन.

आतून आचाऱ्यानं मसाल्याच्या डब्यातली हळद वाटीत दिली. मी ती पान्यात कालवून सुजाताच्या हाताला लावली, गालाला लावली. आनि मी धवला धरला. गावदेवीला बोलावलं, माज्या आईला बोलावलं, सासऱ्यांना, सासूला, आनि मंग मालकांची पाळी आली नि माजा आवाज थांबला. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय, उखान्यात घेतलं असंल तेवढंच. पन नाव नाय घेतलं तर आवतन पोचत नाय. आनि ज्या मान्सानं मांडव नको म्हनलं त्यालाच मांडवात बोलवायचं. मी डोळे मिटले नि नाव घेतलं, त्यांच्या बापाच्या नावासकट घेतलं. काय नाव ते तुमी इचारू नका, लिवू बी नका. एवढा मोठा संतोष, मुंडावळ्या बांधलेला, पोरासारखा रडला. जित्तेपनी मानूस नाय म्हनू शकतो बाय, पन गेल्यावर आवतन आलं की यायलाच लागतं. ते आले असतील. कुटंतरी मागं, रागानंच उभे राहिले असतील, पन आले.

मंग अक्षता पडल्या, फोटो झाले, माईकवाला बोलला, आजी दर रविवारी या, गाडी पाठवतो. मी बोलली, माजं एकच राहिलं व्हतं. आमी जेवायला बसलो तर सुजातानं वाढप्याला बोलावून एक ताट जास्तीचं मांडायला लावलं, माज्या बाजूला. मी बोलली, कोनाला गं हे? ती बोलली, आई, तुमी बाबांना बोलावलंत ना, मग त्यांना जेवायला नको?

तिच्या घरचा कदी घास घेतला नाय त्यांनी, आनि ती त्यांचं ताट वाढत व्हती, भात, वरन, वडे, मिठासकट. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला नि बोलली, सुखानं नांदा. लगीन लागल्यावर देतात तो आशीर्वाद, माजा उशिरा गेला, पन गेला. आता आवाज बसला काय नि राहिला काय, मला चालंल.