भाचीच्या पेल्यातला धूमकेतू

हॅलो?… हं, मामाच बोलतोय. तूच का गं?… मी दिलेला तो दगड? अगं, खरं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही! धूमकेतूच आहे तो. अस्सल. माझ्या ओंजळीत येऊन पडला, अलगद…

हो, हो… अगं ऐक ना! सूर्यमालेच्या पार टोकाला गारठ्यात पडून असतात हे. बर्फाची ढेकळं नुसती. एखाद्याला धक्का बसला की निघाला सूर्याकडे. जवळ गेला की बर्फाची वाफ, वाफेची शेपटी. दर फेरीला झिजतो बिचारा. शेवटी उरतो हा असा… काळा, भोकाभोकांचा.

तारांगणात तिकिटं फाडायचो म्हणून काय झालं? आतलं सगळं दारापर्यंत ऐकू यायचं!

आपली पृथ्वी आधी काय होती? कोरडी ठणठणीत. वांझ! मग हे येऊन आपटले… पाणी यांनी आणलं असेल, जीव धरायचा मालमसालाही यांनीच, असं शास्त्रज्ञ म्हणतात… रडतेस कशाला? पृथ्वीला म्हटलं गं, तुला नाही.

पेल्यात बुडवून ते पाणी रोज पितेस ना?… बुडत नाही? तरंगतो? तरंगणारच! जन्म गेला त्याचा अंतराळात तरंगण्यात… साबणाचा वास? रसायनं ती!… मळमळतं? मग लागू पडतंय की!

काय म्हणालीस?… डॉक्टरीणबाईंची तारीख कालची होती? गेलीच नाहीस?… ही शेवटची संधी म्हणाल्या होत्या?… असू दे गं. उगाच सुया टोचून घ्यायच्या… नवरा बोलत नाही? बोलेल, पाळणा हलला की.

भोक? कसलं भोक?… आरपार? हां, ते… तिथूनच तर शेपटी फुटते!… आत दोरीचा तुकडा अडकलाय? अगं, शेपटीच ती. वाळलेली…

मामीला देऊ? मामी आंघोळीला… थांब हं. काय गं, ओल्या पायांनी कुठे धावत आलीस? बोलतोय ना मी… काळा दगड, दोरीवाला, हो. मग?… तुझी वजरी? टाचा घासायची?… अगं हळू बोल, तिला ऐकू…

हॅलो?… बाळ?… हॅलो?

ठेवला तिने. काय गं तू! दोन मिनिटं दम निघाला नाही तुला? जुळी होतील म्हणून सांगणार होतो आत्ता.