आपल्याला कुणी रागावलं का?

मुठ्याहून, भुकूमहून, ताम्हिणीहून आलात, बरं वाटलं. मागे उभ्या आहात त्यांनी पुढे या, जागा आहे. कुमुदबद्दल 'होती' म्हणायची मला अजून सवय नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर. न विसरता 'थँक यू' म्हणायचं बक्षीस सिस्टर दर वर्षी तिलाच द्यायच्या. आणि मोठेपणी याच बाईचे कुणी आभार मानले की ती अस्वस्थ व्हायची!

आपल्या ट्रस्टवर आम्ही दोघी बरोबरच आलो. वस्त्यांवर दिवे दिले, शिलाई मशिनं दिली. वर्षाअखेरीस अहवालात लिहायचो, काय काय दिलं. कुमुद म्हणायची, "हे आपलं कौतुक झालं. त्यांचा मान वाढला का, ते कुठे लिहिलंय?"

"अगं, मान कसा मोजणार?"

"सोपं आहे. आज आपल्याला कुणी रागावलं का?"

कुणीच रागावायचं नाही. ताम्हिणीजवळच्या कातकरी वस्तीवर गेलो की बायका उभ्याच राहायच्या. "समदं चांगलं हाय, बाई." परतताना गाडीत ही म्हणायची, "अजून घाबरतात गं आपल्याला."

आणि एक दिवस त्याच वस्तीवर... सखूबाई, तुम्ही इथे बसल्या आहात, आठवतंय ना? कुमुदने विचारलं, नवे दिवे कुठे लावायचे? तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "दिवं नगं. जातीचं दाखलं काढायला संगं चला. आन दर टायमाला तितनंच ठरवून कशापायी येताय? आदी आमाला इचारा की!"

मी चपापले. कुमुद? ती हसतच सुटली. पौडला गाडी थांबवून भजी मागवली. डायबेटीसची बाई, वर साखरेचा चहा! मी ओरडले, तर म्हणते, "गप गं, आज पास झालो आपण." पुढे दाखल्यांसाठी कचेरीच्या रांगेत कुमुद सखूबाईंच्या मागे उभी राहिली, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत.

शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली, "ट्रस्टवरची माझी जागा वस्तीला द्या. माणूस त्यांनी निवडायचं, आपण नाही." आपल्या विश्वस्तांपैकी काहींना ही घाई वाटली. मला तोंडावर सांगितलंत, राग नाही. पण कुणाला काय द्यायचं हे ठरवताना, ज्यांना द्यायचं ते कधी आपल्या टेबलाशी होते का? अखेर सगळे विश्वस्त हो म्हणाले.

काल मी ते सांगायला वस्तीवर गेले. वाटलं, बायका हरखून जातील. सखूबाई, तुम्ही म्हणालात, "इचार करून सांगू. आमच्या बी अटी हायेत. तुमी लई घाई करू नगा."

परतताना मी एकटीच हसले, मग रडू आलं. हे आता सांगायचं कुणाला?

वस्तीचा निरोप येईपर्यंत ती खुर्ची रिकामी राहील. चला, उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

नीट जा गं, कुमुद. आम्ही थांबतो.