शादलियाचं नवरीचं पाणी

—नाही म्हणजे नाही. आणि कानात काय कुजबुजतेस, इथं वाफेत मला धड ऐकू येत नाही. पालथी पड. हां, हात पुढे. माझं नवरीचं पाणीच हवंय ना तुला? गुरुवारी लग्न आहे, आईनं पाठवलंय, मावशीनं सांगितलंय, कळलं सगळं. पण ते बंद झालंय पोरी. दोन वर्षं झाली. का म्हणून विचारतेस? बरं, सांगते. तशीही तुझी पाठ घासायला अर्धा तास जाणार, केवढा मळ हा, लोळत होतीस कुठं?

तर अख्ख्या महदिया शहरात या हमामखान्यातली शादलिया म्हणजे काय होती, तुझ्या आईला विचार. पार सूस शहरातून बायका यायच्या गं! संत्र्याच्या फुलांचं पाणी, लवंग, सिरका आणि वरून किसलेला गुलाबी साबण — माझ्या सासूची कृती. नवरीनं लग्नाआधी त्यानं आतून स्वच्छ व्हायचं. आतून, हो, तिथूनच, लाजू नकोस, इथं सगळ्या उघड्याच बसल्यात. मी स्वतः वीस वर्षं रोज वापरत होते. जिचं दुकान तिनंच माल वापरला नाही तर कोण घेणार?

आणि माझा नवरा मुन्सिफ, तो कोळी. सार्डिनच्या बोटीवर. आता कोळ्याला माशाचा वास यायचाच, त्यात नवल काय? पण एके वर्षी तो वास हटेनाच. चादरीला वास, उशीला वास. मी म्हटलं, "मुन्सिफ, तू अंघोळ करतोस की नुसता ओला होतोस?" तो म्हणाला, "अगं, दोनदा करतो." मी म्हटलं, "मग तिसऱ्यांदा कर." शेवटी मी त्याची गादी उचलून गच्चीवर टाकली. तीन महिने, पोरी! तीन महिने तो बिचारा गच्चीवर झोपला. लिंबानं हात घासायचा, कोपरं घासायचा, दाढीसुद्धा. बोटीवरचे त्याला 'लिंबू' म्हणायला लागले. लिंबू, जाळं ओढ! लिंबू, चहा घे! — हसू नकोस, पाठ हलते.

मग बोट रंगवायला किनाऱ्यावर ओढली. महिनाभर समुद्र नाही, मासा नाही, घरात आम्ही नुसते चणे खातोय. मुन्सिफ भावाच्या गावी गेला जैतुनाची फळं तोडायला. आणि वास? वास तसाच! दुपारी मी एकटी अंगणात बसून मटार सोलत होते, दाराला कडी, घरात माणूस नाही, आणि शेजारचं मांजर आलं — मला हुंगलं — आणि माझ्या मांडीवर चढून बसलं. उठेचना. ढकललं, परत आलं. तिथं माझ्या हातातली शेंग गळून पडली. म्हटलं, शादलिया, मासा तूच आहेस.

दुसरं कोणी असतं तर गेलं असतं दवाखान्यात. पण मी कशी जाऊ? शहरभर नवऱ्या माझं पाणी नेतात, आणि मीच सांगू की मला वास येतो? मी काय केलं, पाणी दुप्पट घेतलं. सिरका वाढवला. आई गं, ती आग! उभी राहू की बसू कळेना. मग थंडावा म्हणून — कोणाला सांगू नकोस हं — वाटीभर दही. खायला नव्हे. अगं, खायला नव्हे म्हणते ना! आणि तशी इथं कामावर आले, आणि दिवसभर जिच्या तिच्या तोंडी एकच, "दूध कुठं नासलंय गं?"

चौथ्या दिवशी गेले मग दवाखान्यात, सुईणबाईंकडे. दलेंदाबाई, त्या जाड चष्म्यावाल्या. त्यांनी तपासलं, नळीत काहीतरी घेतलं, डॉक्टरीणबाईंना दाखवलं, आणि मला म्हणाल्या, "शादलिया, तिथं चांगले जंतू राहतात. कोट्यवधी. ते आंबटपणा धरून ठेवतात, म्हणून वाईट जंतू आत शिरत नाहीत. तू वीस वर्षं रोज त्यांना घराबाहेर काढतेस." मी म्हटलं, "बाई, मी तर स्वच्छता करत होते." त्या म्हणाल्या, "ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः करते, तिला हमामखान्याची गरज नाही." माझ्या तोंडावर! ज्या बाईचं पोट घासण्यावर, तिला सांगतात घासू नकोस! मी विचारलं, "आणि दही?" तर म्हणाल्या, "दह्यातले जंतू त्यांचे चुलतभाऊ असतील, म्हणून काय बिऱ्हाडासकट घरात घुसवायचे? दही पोटात घाल." मग म्हटलं, त्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या मिळतात म्हणे? तर म्हणाल्या, "मिळतात. कोणाला फरक पडतो, कोणाला नाही, अजून शोध चाललाय. आधी हे औषध सात दिवस घे, आणि बाहेरून नुसतं पाणी." सात दिवस, पोरी. वीस वर्षांचं शहाणपण सात दिवसांत उतरलं.

मग मी घरोघर गेले. त्या वर्षीच्या चौदा नवऱ्या, चौदाही दारं. सांगितलं, ओतून टाका, आणि काही त्रास असेल तर दलेंदाबाईंना भेटा. तिघींना होता. तिघी! एक तर रडत म्हणाली, मला वाटलं माझ्यातच खोट आहे, म्हणून नवऱ्याजवळ जात नव्हते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि एकीच्या सासूनं बाटली काकडी-टोमॅटोवर रिकामी केली होती! म्हणाली, छान लागतो तुझा सिरका, आणखी दे.

मुन्सिफ भावाकडून परतला तेव्हा त्याला सांगितलं. त्यानं आधी दाढीला हात लावला. मग म्हणाला, "तीन महिने, शादलिया. माझी दाढी आंबट झाली." म्हटलं, "चुकले, खाली ये." म्हणाला, "येतो. पण आधी बंदरावर येऊन सांग, की वास माझा नव्हता." गेले! पदर सावरून, सहा कोळ्यांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ऐका रे, वास माझ्या नवऱ्याचा नव्हता." सगळे पायांकडे बघायला लागले. एक म्हातारा होता, त्याला काय सुचलं, विचारतो, "मग कोणाचा होता?" मी म्हटलं, "मांजराचा." देव क्षमा करो. पण मुन्सिफ इतका हसला, इतका हसला, की संध्याकाळी स्वतःच गादी डोक्यावर घेऊन जिना उतरला.

तर नवरी, तुला साधं पाणी पुरे. आईला सांग, शादलियानं — थांब. एवढं शांत का झालं? ए फौझिया, नळ का बंद केलास? मुनिया, तुझी बादली कधीची भरलीय, ओत ना! कुठपासून ऐकताय गं तुम्ही? मांजरापासून? — दह्यापासून?

नाही. नाही म्हटलं ना! आपापली दुखणी मला सांगायला रांग लावू नका इथं. दलेंदाबाई मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात, सकाळी, दवाखान्याचं हिरवं दार. इथं फक्त पाठी. — ऊठ गं नवरी, झाली तुझी. पुढची पाठ!