बसऱ्याहून आलेलं फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

नाही पण, कोपरा फाटला तर कार्डाचा फाटला ना? माणूस कसा मेला? तुम्हीच सांगा! मी तिकडं बसऱ्याच्या धक्क्यावर खजूर खातोय, बी किती लांब थुंकता येते ते बघतोय, आणि इकडं मूर्तिजापुरात नत्थुजीच्या सायकल दुकानात माझ्या नावानं अंघोळी चालल्यात! त्याही कशानं? ट्यूब बुडवून पंक्चर शोधायच्या घमेल्यातल्या पाण्यानं!

आता म्हणाल, हा पोट्टा बसऱ्याला गेलाच कशाला? तर तुम्हाला सांगतो, ते वेड माझं नव्हतंच. जानरावदादाचं होतं. थोरला भाऊ माझा. वखर हाकता हाकता त्याच्या डोक्यात जग फिरायचं. म्हणायचा, "किसन्या, पैसा असला तं कोनीबी जाते. आपुन पायी जाऊ, लारीवर बसू, देवळात झोपू." पासपोर्टासाठी चकरा त्यानं मारल्या, सही कशी करायची ते मला त्यानं शिकवलं, कारण मी शाळेत होतो त्याहून जास्त शाळेमागच्या बोरीवर होतो. दोघांचे पासपोर्ट आले, दोन पिशव्या भरल्या... आणि श्रावणात दादाला कावीळ झाली. पिवळा पिवळा होत गेला आणि गेला. चोवीस वर्षांचा माणूस हो! अजून त्याच्या चपला दारात आहेत, मी रोज ओलांडतो.

असो. पिशव्या खुंटीला तशाच. त्यांच्याखाली झोपायचं, म्हणजे झोपायचंच नाही. एक दिवस उठलो, दादाची पिशवी काढली, पाठीला लावली. विचार केला असता तर गेलो नसतो, म्हणून केलाच नाही. माय चुलीपाशी होती. मला वाटलं, आता रडेल. तर भाकर थापता थापता म्हणते, "जा. दोघाइतून एकानं तरी पायलं पायजे. पन पत्र टाकजो!"

आणि मग सगळं गाव! नत्थुजी म्हणे, "तिथल्या बैलाइचे शिंगं कसे हायेत, लिहजो. पत्र टाकजो!" कापसाच्या जिनात वजनाचा काटा धरणारा रामराव, आमच्यातला शिकलेला, तो म्हणे, "समुद्राचं पानी खारट हाये का पुस्तकवाले उगाच सांगतात, चाखून पायजो. पत्र टाकजो!" शेंदूरजन्याची मावशी खास गाडीनं आली, तिला तिकडच्या संत्र्यांचा भाव पाहिजे. पत्र टाकजो! अरे, मी जग पाहायला चाललो का चौकशी करायला?

बोटीवर डेकवर जागा, म्हणजे उघड्यावर. एका बाजूला कोणाची ट्रंक, दुसऱ्या बाजूला कोणाची बकरी. समुद्र चाखला. खारट आहे हो! पुस्तकवाले खरं सांगतात! बसऱ्याला उतरलो तर नुसती खजुरांची झाडं. आपल्याकडं वरूडला संत्री तशी. आणि चहा? अंगठ्याएवढा पेला, आत कोरा चहा! दूध नाही! आपल्याकडं कोरा चहा कुठं पाजतात? मयताच्या घरी! मी इकडं बघतो, तिकडं बघतो, सगळा बाजार कोरा चहा पितोय आणि हसतोय. म्हटलं, हे काय गाव आहे, सुतकात पत्ते खेळतंय!

बसलो तिथंच, काढलं एक कार्ड. अक्षर लावत लावत लिहिलं: 'पोचलो. समुद्र खारट आहे. इथं चहा कोरा पितात, पण कोणी मेलेलं नाही. मी मजेत.'

तुम्हाला सांगतो, स्पष्ट लिहिलं होतं. कोणी. मेलेलं. नाही!

मायला वाचता येत नाही, म्हणून पत्ता नत्थुजीच्या दुकानाचा. पण ते कार्ड तिथं पोचलं तेव्हा त्याला एक कोपरा नव्हता. आता मयताचं कार्ड कसं ओळखतात, तुम्हाला मी काय सांगायचं? कोपरा फाडलेला असतो. घरात न्यायचं नाही, ठेवायचं नाही, फाडून टाकायचं. शिकलेल्या रामरावानं काय करावं? कोपरा पाहिला, "किसन्या गेला रे!" म्हणून बोंब ठोकली, आणि कार्ड न वाचता टराटरा फाडलं! अरे, वाच तरी! मेलेल्या माणसाचं अक्षर तरी बघ!

मग प्रश्न आला, मायला कोण सांगणार? श्रावणात एक पोरगा गेलेला. नत्थुजी म्हणे, "मी नाई सांगत." रामराव म्हणे, "माया बापानं नाई होत." ठरलं, सांगायचंच नाही. नत्थुजीनं गुपचूप डोकं भादरून घेतलं. मायनं विचारलं, "काहून रे?" तर म्हणे, "उवा झाल्या, माय." एवढं चकचकीत डोकं, आणि हा डोळे पुसत म्हणतोय, उवा!

बरं, मी गप्प बसलो होतो का? नाही! पत्र टाकजो म्हणाले ना? बगदादला गुरुद्वारात उतरलो, तिथल्या सरदारजीनं ती निळी, कडा चिकटवायची पत्रं दिली. टाकत राहिलो. लारीवाल्यानं खरबूज कसं गुडघ्यावर फोडलं, नदीत गोल टोपलीसारख्या नावा कशा गरगर फिरतात, बैलांची शिंगं, सगळं! पण तारीख घालायची असते हे मला कुठं ठाऊक? ते दादाचं काम. तर दुकानात पत्र आलं की रामराव म्हणायचा, "मराच्या आधी टाकलं असंन बिचाऱ्यानं. तिकडची टपाल हळू चालते." दुसरं आलं. "हेबी आधीचंच." तिसरं आलं. "लय लिहून ठेवलं रे लेकानं!"

आणि ही पत्रं घेऊन मायपुढं वाचायला जायचे. मी लिहिलंय, टोपलीच्या नावेत बसलो, चक्कर येऊन एका म्हाताऱ्याच्या मांडीवर पडलो. रामराव हे वाचतोय आणि हुंदके देतोय! माय म्हणते, "अरे बाप्पा, हसाचं पत्र हाये, रडून काहून रायले?" तर नत्थुजी म्हणे, "म्हाताऱ्याले लागलं असंन ना, माय!"

मी परत आलो, मूर्तिजापूरला उतरलो, थेट दुकानात. नत्थुजीच्या हातातला पंप पडला. "पावलं दाखव! आधी पावलं दाखव! उलटी तं नाईत?" चपला काढून दाखवल्या. मग दोघं गळ्यात पडले, मग दोघांनी मिळून मला मारलं. "कोपरा कोनं फाडला? सांग! कोनं?"

मला काय ठाऊक? उंदीर असेल, बोटीवरची बकरी असेल! रामराव म्हणे, "ते मरू दे. पहिले मावशीले खुशाली लिह्य, तिच्या कानावर गेलं हाये." कार्ड दिलं. लिहिलं, 'मी आलो. किसन.' आणि तुम्हाला सांगतो... माझाच हात गेला, चिमटीत कोपरा धरला, आणि टर्रकन फाडला.

कोपरा नत्थुजीच्या पायाशी पडला.

दादा गेला तेव्हा घरात लिहिणारा मीच उरलो होतो. साऱ्या सोयऱ्यांना कार्डं मीच लिहिली. लिहायचं, कोपरा फाडायचा. लिहायचं, कोपरा फाडायचा. त्याआधी जन्मात मी कोणाला कार्ड लिहिलं नव्हतं. माझ्या हाताला वाटलं, कार्ड असंच असतं.

नत्थुजीनं तो कोपरा उचलून खिशात टाकला आणि मला घरी नेलं. मायला सारं सांगितलं. ती हसली, मग पदर तोंडाला लावला. मग म्हणे, "तू आता लिहू नको. तू बोल. मी आयकतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बोलतोय. पण बोलू देते का? "बसऱ्याच्या बाया भाकर कायची करतात? चुलीत काय जाळतात? जानरावले खजूर आवडलं असतं का रे? त्यानं बी गिळली असती, लहानपनी बोराची गिळे." मग मी सांगतो, हो, गिळली असती. मग कशी गिळली असती ते सांगावं लागतं. मग ती विचारते, पाणी प्यायला असता का वरून...

एवढ्या लांब जाऊन आलो हो, लाऱ्या बदलल्या, नद्या ओलांडल्या. पण माय मला अजून बसऱ्याच्या धक्क्यावरून हलू देत नाही!