बाबांची लढाई टॉकीजपुरती
हसू नका, माझं डोकं अजून गरम आहे. परवा बाबांना बुलढाण्याला युद्धाचा पिक्चर पाहायला नेलं. त्यात मंत्री पंतप्रधानांना सांगतात, थोडा मुलूख देऊन मिटवून टाका. बाबा खुर्चीवरून ओरडले, "देऊ नको बे! आज बोटभर देशील, उद्या घरात घुसतीन!" अख्ख्या टॉकीजने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सुभाषकाकांनी ट्रॅक्टर घालून आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, हातभर आत सरकवायला घेतला. दरवर्षी सरकवतात. मी म्हटलं, "बाबा, चाला, मोजणी मागू."

"काऊन? रोज तोंड पाहा लागते त्याचं."

"मंग काल कोण बोंबलत होतं?"

"तो पिक्चर होता."

मग मी एकटाच जाऊन ट्रॅक्टरपुढे उभा राहिलो. मागून बाबा धावत आले. वाटलं, आले एकदाचे माझ्या बाजूने. तर ते काकांना म्हणाले, "मनावर घेऊ नको, भाऊ. याले कॉलेज झेपलं नाही, आता लढाई करून राह्यला."

काका खदखदून हसले. बाबा माझ्याकडे वळले. "पाहत काय उभा राह्यला? तो धुऱ्याचा दगड उचल, काकाच्या ट्रॅक्टरले लागन."